वाचल्याबिगर कागद नाही

हिंगोलीच्या मोंढ्यामागं पुनमचंदशेठचं मंगल मुद्रणालय होतं. लग्नाच्या पत्रिका, बारशाची आमंत्रणं, सप्ताहाची पत्रकं, तेरवीची कार्डं. माणूस जन्मला काय आणि गेला काय, त्याचं नाव एकदा तरी या दुकानातून जायचंच. मोंढ्यात हळदीची बोली सुरू झाली की पिवळी धूळ उडत दारातून आत यायची आणि कीबोर्डच्या फटीत बसायची. विश्वंभर आला की आधी कुंचल्यानं ती धूळ झाडायचा आणि मगच तक्रार विचारायचा. गावातल्या बऱ्याच दुकानांच्या कॉम्प्युटरची दुरुस्ती त्याच्याकडं होती. माळकरी माणूस, कुठं कीर्तन असलं की पायी जाणारा. पण कामात हिशोबी. यंत्राला अंगात येत नसतं, बिघाड असतो, तो शोधायचा, एवढंच त्याचं शास्त्र.

दोन हजार चार सालची दिवाळी नुकतीच सरली होती. लग्नसराई तोंडावर आलेली, आणि शेठचा फोन आला.

"विश्वंभरराव, प्रिंटर झोपला की आपला! पत्रिका सोडली, चहा पिऊन आलो, पान खाल्लं, तरी कागद न्हाई. गिऱ्हाईक माझ्याच तोंडाकडं पाहून राहिलंय."

"तोंड बरं दिसत असंल तुमचं," विश्वंभर म्हणाला आणि सायकलला टांग मारली.

दुकानातली मांडणी साधी होती. तीन टेबलांवर तीन कॉम्प्युटर. चौथा कोपऱ्यात, खिडकीजवळच्या जुन्या सागवानी मेजावर. त्याला सगळे सर्व्हर म्हणत. तिघांनी सोडलेली पत्रिका आधी सर्व्हरकडं जायची, तिथं रांगेत थांबायची आणि मग प्रिंटरवर उतरायची. तो पहिला कागद चांगला निघाला की मागच्या मोठ्या मशीनवर हजार छापायचे. सगळी अक्षरजुळणी रागिणी नावाची मुलगी करायची. हात चपळ, जीभ त्याहून चपळ.

विश्वंभरनं वायर बदलली. जोडणीच्या डबीतलं भोक बदललं. प्रिंटरचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, तुंबलेली रांग पुसली, व्हायरस शोधला. काही नाही. मग त्यानं नवरानवरीचा मोठा रंगीत फोटो सोडला. फोटो जड, त्याला वेळ लागायला हवा होता. झटक्यात निघाला. चार ओळींची मराठी पत्रिका सोडली, तर सर्व्हर जागच्या जागी थांबला. डबीवरचा हिरवा दिवा शांत, आतली चकती शांत. कुठंच काही चाललेलं नव्हतं. मग आपोआप कागद आला.

"फॉन्ट," विश्वंभर म्हणाला. "मराठी अक्षरं प्रिंटरला ठावी नसतात. चित्रासारखी काढावी लागतात त्याला."

हे म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. पण खात्री केल्याशिवाय उठायची सवय नव्हती. त्यानं तीच पत्रिका घेतली, तोच फॉन्ट, तीच अक्षरं, फक्त त्यांचा काला केला. कुठल्याच शब्दाला अर्थ राहिला नाही. तो कागद बोट उचलायच्या आत बाहेर आला.

अक्षरं पुन्हा जागेवर लावली. कागद पुन्हा थांबला.

इंग्रजी पत्र सोडलं, लगेच आलं. कोरा कागद, लगेच. एका गावच्या सप्ताहाचं पत्रक सोडलं, तर त्याला लग्नाच्या पत्रिकेहूनही उशीर लागला, जणू प्रत्येक महाराजांच्या नावापाशी कुणी हात जोडून मग पुढं सरकत होतं. विश्वंभरनं दुसऱ्या दिवशी घरचा एक कॉम्प्युटर आणून त्या मेजावर ठेवला आणि त्याला सर्व्हर केलं. त्यानंही तेवढाच वेळ घेतला.

"सर, हसू नका," रागिणी म्हणाली. "एवढाच वेळ नामाकाका घ्यायचे."

"कोण नामाकाका?"

नामाजी हे दुकानाचे वाचक, छापण्याआधी मजकूर तपासणारे. खिळे जुळवून छापायच्या काळापासून कोपऱ्यातल्या याच सागवानी मेजापाशी बसायचे. ओळीखाली बोट, ओठ हलते, आवाज मुंगीएवढा. फार पूर्वी एकदा न वाचता पत्रिका गेली होती. तीत नवरदेवाच्या जित्या बापाच्या नावामागं 'कैलासवासी' पडलं. बाप मांडवात उभा आणि पाहुणे त्याच्याकडं बघून राहिलेले. नामाजींनी त्या दिवशी गळ्यातल्या माळेला हात लावून शपथ घेतली, वाचल्याबिगर कागद सोडायचा नाही. मग कॉम्प्युटर आले. शेठ म्हणाले, आता पडद्यावर सगळं दिसतंय, तुम्ही घरी आराम करा. नामाजी पुसेगावला गेले. श्रावणात अंगावरून वारं गेलं आणि ते अंथरुणाला खिळले.

"तवापासून प्रिंट हळू," रागिणी म्हणाली.

"भुताच्या गोष्टी कमी ऐकत जा, बाई."

"तुमी कीर्तनं ऐकता, मी गोष्टी ऐकते. बराबरी झाली."

विश्वंभरनं वाद घातला नाही. उपाय त्याला ठाऊक होता. त्यानं प्रिंटर सरळ रागिणीच्या कॉम्प्युटरला जोडला, बाकी दोघांची वाट तिच्याकडून वळवली आणि कोपऱ्यातला सर्व्हर बाजूला पडला. पत्रिका धडाधड निघू लागल्या. शेठनं पेढा दिला.

आठवडाही गेला नसेल, तोच पुसेगावच्या जीपवाल्यानं दुकानात निरोप आणला. नामाजीनं अन्न सोडलंय, शेठनं एकदा तोंड दाखवून जावं. शेठला मान वर करायला सवड नव्हती. विश्वंभरला सेनगावला काम होतं, वाटेत पुसेगाव. तो गेला.

घर गावाच्या कडेला. अंगणात शेळ्या, भिंतीला टेकवलेली चाऱ्याची पेंढी. आत दारालगत खाटेवर नामाजी. डोळे उघडे, छताकडं. त्यांच्या बायकोनं, पंचफुलाबाईनं, पाणी दिलं आणि उंबऱ्यातच बसली.

"डाक्टर काय म्हणतो, मावशी?"

"त्यो म्हनतो, गिळता येतंय. मग काहून गिळत न्हाईत, त्ये त्याला न्हाई ठावं." तिनं पदरानं वाटी पुसली. "आडवे पडले तवापासून दिवसभर व्हट हालवायचे. जनू वाचूनच राहिले. एक झालं की तोंड उघडायचे, तवा मी घास घालायची. दुकान बंद आसंल त्या रोजी व्हट न्हाई आन् घास बी न्हाई. मी म्हनायची, बुढ्ढ्याची सुट्टी हाये आज."

ती हसली, मग हसू राहिलं नाही.

"आता मंगळवारपासनं समदीच सुट्टी चालू हाये बापा."

मंगळवारी विश्वंभरनं वायर वळवली होती.

तो अंगणात आला. मोबाइलला दारापुढच्या शेळ्यांच्या दावणीपाशी कशीबशी रेंज मिळाली.

"रागिणी, एक पत्रिका जुन्या वाटेनं सोड. कोपऱ्यातल्या मशीनवरून."

"कोणती?"

"कोणतीबी. मला सांगू नको."

फोन कानाला लावून तो दारात उभा राहिला. शेळ्यांनी रवंथ थांबवला. नामाजींची नजर छतावरून खाली आली, समोर काही असल्यासारखी ठरली, आणि ओठ हलू लागले. विश्वंभर दारातूनच खाटेकडं वाकला. आवाज मुंगीएवढा होता, पण शब्द सुटे होते. साखरा गावचं घर, हळदीचा दिवस, मुहूर्त, मामाचं नाव. 'आपली उपस्थिती हाच आहेर' इथं ते थांबले.

"आली सर, आत्ता निघाली," फोनमधून रागिणी म्हणाली.

"साखऱ्याची आहे का ती?"

पलीकडं कागद उलटल्याचा आवाज आला.

"व्हय," ती म्हणाली.

खाटेवर नामाजींचं तोंड उघडलं होतं. पंचफुलाबाईनं पेजेचा चमचा आत दिला. गिळल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

विश्वंभर हिंगोलीला परतला आणि शेठला म्हणाला, कोपऱ्यातलं मशीन राहू द्या, चालू ठेवा. शेठ म्हणाले, जागा अडवतं. विश्वंभर म्हणाला, मग माझं काम दुसऱ्याला द्या. शेठनं त्याच्याकडं नीट पाहिलं, तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"राहू दे मग. काहून ते मला नको सांगू."

त्या हिवाळ्यात प्रत्येक पत्रिका दोनदा निघाली. एक सरळ, गिऱ्हाइकासाठी. एक जुन्या वाटेनं, सावकाश. दुपारच्या वेळी काम नसलं तर रागिणी गावोगावच्या सप्ताहाची पत्रकं सोडायची. पुसेगावहून निरोप यायचा, म्हातारा दोन्ही वेळा जेवतो, गालावर मास चढलंय. कुणी कुणाला याहून जास्त विचारलं नाही.

फाल्गुनात नामाजी गेले. दिवसाउजेडी, काहीतरी वाचता वाचता.

त्याच दुपारी रागिणीनं विश्वंभरला बोलावून घेतलं. प्रिंटरच्या तोंडात एक कागद अर्धा बाहेर येऊन थांबला होता. ओढला तर निघेना. रांगेतून पुसलं तर पुसला जाईना. मशीन बंद करून चालू केलं, तरी रांगेत तीच एक पत्रिका.

"बंदच ठेवा सर," रागिणी म्हणाली. "उचलून घरी न्या."

तिचं ऐकायला हवं होतं. पण विश्वंभर ज्या घरात वाढला त्या घरात पारायण अर्धं ठेवायची रीत नव्हती. वाचणारा आजारी पडला, त्याला सुतक आलं, तर दुसऱ्यानं हातपाय धुऊन त्याच आसनावर बसायचं आणि बोटाखालच्या ओळीपासून पुढं वाचून पूर्ण करायचं. पोथी वाट बघत ठेवू नये. त्यानं नळावर हातपाय धुतले, माळेला हात लावला आणि सागवानी मेजापुढच्या खुर्चीत बसला. पडद्यावर पत्रिका उघडली. कागद जिथं अडकला होता त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत वाचली.

प्रिंटर गुरगुरला. कागद पूर्ण बाहेर आला.

"सुटला बिचारा," विश्वंभर म्हणाला. रागिणी त्याच्या तोंडाकडं पाहत होती.

तेरवी झाली. त्यानंतर विश्वंभरनं सर्व्हर बंद करायला सांगितलं. पण सराई जोरात होती. शेठला दोन्ही वाटा हव्या होत्या, आणि जुनी वाट म्हणे आता अगदीच संथ नव्हती. थांबायची, पण थोडी.

एकदा विश्वंभरची बायको कोमल भाकरी थापता थापता हसली.

"आवं, कोणाचं लगीन लावून राहिले तोंडातल्या तोंडात?"

"मी? कुठं काय?"

"आत्ताच तर म्हणले. चिरंजीव कोण ते, आन् औंढ्याची पोरगी."

त्याला औंढ्याची कोणतीही पोरगी ठाऊक नव्हती. जेवताना त्याच्या लक्षात आलं, की आपण घास हातात धरून बसलो आहोत. मग ओठ थोडे हलले, आणि घास गेला.

त्यानं रागिणीला फोन केला. "ते मशीन काढ."

"काढते. पण सर," ती अडखळली. "मशीन बाजूला पडलं त्या मंगळवारपासनं नामाकाकाचं काय झालतं, तुमीच सांगितलं ना मला?"

विश्वंभरचा हात गळ्यातल्या माळेकडं गेला.

"राहू दे," तो म्हणाला.

चैत्रात साखऱ्याला सप्ताह होता. काल्याच्या दिवशी विश्वंभर सकाळीच पोचला. मांडव खच्चून भरलेला, वर कडुलिंबाचा मोहोर गळत होता. टाळकरी दोन्ही बाजूंनी उभे, मृदंग घुमावा म्हणून त्यावर नवीन कणीक लावलेली. महाराजांनी चाल धरली आणि सगळा मांडव त्यांच्यामागं गेला. विश्वंभरच्या हातात टाळ होते. टाळ बरोबर पडत होते. त्यालाही अभंग म्हणायचा होता, छातीत तो भरून आला होता. तोंड उघडलं नाही.

हंडी फुटली. 'पुंडलिक वरदे' झालं. माणसं रांगेनं बसली आणि दही, लाह्या, लोणच्याच्या फोडी, हातावर काला येऊ लागला. विश्वंभरनं दोन्ही हात जोडून ओंजळ पुढं केली. काला आला. त्यानं तो कपाळाला लावला आणि ओठांशी नेला.

दात एकमेकांवर घट्ट होते.

शेजारी भिकाबाई नावाची म्हातारी बसली होती. ती बोटं चाटत म्हणाली, "घ्या ना माउली. पर्साद वाट बघत ठेवू नई."

त्यानं मान हलवली. दही बोटांमधून झिरपून मनगटावर आलं, मग कोपरावर.

मागं दोन माणसं बोलत होती. हिंगोलीहून आत्ताच आलेली, उशीर कसा झाला ते सांगत होती.

"लाइटच न्हाई सकाळपासनं. मोंढ्यामागचा ट्रान्सफार्मरचा मोठा डबा जळाला म्हणे. तिथली समदी दुकानं बंद."

"कधी येईल?"

"नांदेडहून आणावा लागतोय. चार-आठ दिस तर धरूनच चाला."