म्हणजे तुझं म्हणणं असं

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. मागांच्या खडखडाटात समोरच्याचं ऐकायची सवयच सुटते, हातवाऱ्यांवर भागतं. घरीही मी हातवाऱ्यांवरच भागवत होतो.

कामगारांच्या कुरबुरी वाढल्या तशा मालकांनी पुण्याहून एक मॅडम बोलावल्या. त्यांनी शिकवलं, मधे तोंड घालायचं नाही, डोळ्यांत बघायचं आणि शेवटी ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं’ म्हणून समोरच्याचंच त्याला परत सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मागावरचा बिरप्पा आला.

“साहेब, उद्या रजा पायजे. मंद्रूपला पावणे यायलेत, पोरीला बघायला.”

“म्हणजे तुमचं म्हणणं असं, की पाहुणे येतायत, रजा पाहिजे, आणि पोरगी दोन दिवस जेवली नाही.”

बिरप्पाच्या तळहातावरची तंबाखू सांडली. “जेवल्याचं मी बोललोच न्हाय की!”

मला तर स्पष्ट ऐकू आलं होतं, त्याच्याच आवाजात. मी रजा दिली. त्यानं पाहुण्यांना नकार कळवला, पोरगी जेवली.

चेहऱ्यावरून अंदाज येत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. कारखान्यातली भांडणं मिटली. मालक खूश झाले. फक्त माझ्याशी बोलताना ते गॉगल घालू लागले.

मग एका संध्याकाळी भाकऱ्या थापताना माझी बायको सोनाली म्हणाली, “रविवारी अक्कलकोटला आईकडं जाऊन येते.”

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. “म्हणजे तुझं म्हणणं असं, की जाते, आणि परत येत नाही.”

तिचा हात पिठातच थांबला. तव्यावरची भाकरी करपत राहिली.

“व्हय,” ती म्हणाली. “भिंतीसंगं संसार करून कटाळा आलाय मला.”

मी गॅस बंद केला आणि तिथंच फरशीवर बसलो. तीही बसली. ती बोलत गेली, मी ऐकत गेलो. बोललेलं आणि न बोललेलंही. शेवटी ती रडली, मग हसली, आणि भरलेली बॅग तिनं मलाच रिकामी करायला लावली.

“आता तुमी बोला,” ती म्हणाली. “मी ऐकते.”

“मला काय, भूक लागलीय.”

ती एकटक बघत राहिली. तिचं हसू हळूहळू उतरलं.

“तुमाला कन्नड येतं?”

“कुठलं? तुझ्या माहेरी मी नुसती मान हलवतो.”

“मग तुमच्या आतनं ही म्हातारी कोण बोलायलीय?”

मी हसायला गेलो. जमलं नाही.

“काय म्हणते?”

“म्हणते, आलं बाई एकदाचं कुणाला तरी ऐकू.”

सोनालीनं पदर सावरला, वडीलधाऱ्यांपुढं बसावं तशी सावरून बसली, आणि माझ्याकडं बघत कन्नडमधून काहीतरी विचारलं. थांबली. मान हलवली. पुन्हा विचारलं.

मधेच दोघी हसल्या, दुसरी माझ्या आतून.

मी तोंड घट्ट मिटून बसलो होतो.