नऊ नंबरचा दगड

भुरी मेंढीनं सोनाजीच्या मोजायच्या टेपचं टोक तोंडात धरलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

"अगं सोड की! विद्यापीठाची टेप हाय ती!"

खुलताबादच्या माळावर एक शिकलेलं पोरगं मेंढीशी हुज्जत घालतंय, हे बघून बानाला हसू आवरेना. थोरला भाऊ वाळूजच्या कंपनीत लागल्यापासून मेंढरं तिच्याच गळ्यात पडली होती, आणि माळावर हसायला दुसरं होतं तरी काय!

"दगडांना सदरा शिवायचा का?" तिनं विचारलं.

"तीन हजार वर्षं उघडेच हायत बिचारे," तो म्हणाला. "धरता का दुसरं टोक?"

धरलं बाई तिनं! सोनाजी हर्सूलचा. त्याचा आजाही मेंढरंच राखायचा. हा मात्र विद्यापीठात जुन्या काळाचं शिकत होता. माळावर गोल मांडलेले हे उभे दगड म्हणजे फार जुन्या माणसांच्या समाध्या, असं त्यानं सांगितलं. दगडावर तो खडूनं नंबर घालायचा, उंची वहीत लिहायचा. एका टोकाला तो, दुसऱ्याला ती... टेप गुंडाळता गुंडाळता हात जवळ आले, की बाना उगाच मेंढरांवर ओरडायची.

नवव्या दगडापाशी मात्र ती थबकली. तो जुना नव्हताच. गेल्या साली तिची आय गेली, तेव्हा तिच्या बापानं, कारभारीनं, तो आयच्या नावानं रोवला होता. सांगितलं तर सोनाजी त्याला यादीतून खोडणार. आयला खोडायचं? छे! तिनं टेपचं टोक धरलं.

मग विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चांनी शहर तापलं, विद्यापीठ बंद पडलं. आठ दिवस सोनाजी आला नाही. बाना भाकर सोडायची आणि तशीच परत बांधायची. नवव्या दिवशी तो आला, तर घसा पार बसलेला.

"मोर्च्यात होतो."

"एका नावापायी एवढं?"

"ज्यांचं नाव कुणी घेतच नव्हतं, त्यांना विचार बाना, नाव काय असतं ते." मग खाली बघत म्हणाला, "दगडांचा नकाशा झाला. उद्या सरांना दाखवायचा. आता इकडं... येणं व्हायचं नाय."

बानानं नवव्या दगडाकडं बघितलं. तो जुना म्हणून नकाशात गेला आणि चार लोकांत सर सोनाजीला हसले तर? ते तिला सोसणार नव्हतं.

"नऊ नंबर खोडा," ती म्हणाली, आणि डोळे भरून आले. "आयचा हाय तो. बानं रोवलाय. म्या लपवलं तुमच्यापासनं."

सोनाजी हसला. "नवा हाय, हे तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पहारीच्या खुणा ताज्या हायत."

"मग चारचारदा मोजला कशाला?"

"मोजणं संपलं असतं, तर टोक धरायला तू आली असतीस व्हय?"

बाना लाजली. त्यानं वही उघडली. नऊ आकड्यापुढं जागा मोकळी होती.

"कुणाचा ते ठाव नव्हतं, म्हणून सोडली. नाव सांग."

"सुगंधाबाई."

त्यानं लिहिलं— 'दगड नऊ. अलीकडचा. सुगंधाबाई, बानाची आय.' बानाला अक्षरं वाचता येत होती. तिनं तीनदा वाचलं, आणि पदरानं डोळे पुसले.

"झालं तर तुमचं काम," ती पुटपुटली.

"कुठं झालं? रोवणाऱ्याला विचारायचं ऱ्हायलंय. बा हाय का घरी?"

"दगडाचं विचारणार?"

"दगडाचं... आन् तुझं."

बानानं काठी उचलली, मेंढरं घराकडं वळवली.

"चला तर," ती मागं न बघता म्हणाली. "पण बा लई तापट हाय. आधी दगडाचंच विचारा."