दुसरा नंबर

बाईंच्या घरी अलार्मची पेटी बसवायला मी सकाळी नऊला गेलो. काम तीन तासांचं. मी अडीच तासांत करतो.

मी चौथी शिकलोय. पण चाळीस वर्षं तारा जोडतोय, आणि माझी जोडणी कुणाला उकलून पुन्हा करावी लागली नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं ऐकून म्हाताऱ्याला चळ लागला असं कुणी म्हणायला नको.

रस्त्याच्या टोकाचं घर. पलीकडे मोकळी जमीन आणि बंद पडलेला कारखाना. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. एक पाय अधू, कुबडी घेऊन चालायच्या. घरात एकट्या. मुलगा परदेशात, पेटी त्यानेच पाठवली होती.

पेटीचं काम सरळ आहे. दारं-खिडक्यांना चुंबकाचे तुकडे लावायचे आणि बाईंच्या गळ्यात एक बटण. दार फोडलं किंवा बटण दाबलं की पेटी पहिल्या नंबरला फोन लावते. उचलणाऱ्याला भरून ठेवलेला निरोप ऐकू येतो. त्याने फोनवरचं पाचचं बटण दाबायचं. म्हणजे पेटीला कळतं की निरोप पोचला, आता माणूस निघाला. हिरवा दिवा लागतो आणि पेटी गप्प होते. कुणी पाच दाबलं नाही तर ती दुसऱ्या नंबरला लावते, मग पुन्हा पहिल्याला. पाच दाबलं जाईपर्यंत थांबत नाही.

लाइन आधी पेटीत घ्यायची, तिथून टेलिफोनला. नवशिके उलटं करतात. मग चोराने नुसता रिसीव्हर उचलून ठेवला की पेटी मुकी.

"निरोप तुमच्या आवाजात भरायचा," मी बाईंना म्हणालो. "पत्ता सांगा, आणि मदत हवी म्हणा. थोडक्यात."

"मिस्त्री, मी तीस वर्षं वर्ग घेतलेत. थोडक्यात मला जमत नाही."

तरी जमवलं. पहिला नंबर मुलाचा टाकला.

"दुसरा?"

बाईंनी कुबडी दुसऱ्या हातात घेतली.

"दोन लागतात, बाई. मुलगा लांब आहे. जवळचं कुणी सांगा."

"जवळचा म्हणजे दूधवाला. त्याच्याकडे फोन नाही." मग म्हणाल्या, "तुमचा टाका ना."

"गिऱ्हाइकाकडे मी माझा नंबर टाकत नाही."

"का? मान कमी होतो?"

"सवय लागते लोकांना."

बाई हसल्या. "किती शिकलात?"

"चौथी."

"तरीच एवढा ताठा. पाचवीत गेला असतात तर मी उतरवला असता."

त्या चहा टाकायला आत गेल्या. मी चाचणीला लागलो.

माझी एक पद्धत होती. कुठेही पेटी बसवली की चाचणीसाठी दुसऱ्या जागी माझ्या घरचा नंबर टाकायचा. बायको उचलायची, ऐकायची, पाच दाबायची. गुडघे धरलेले, हात ओले, त्यामुळे सहा-सात घंट्या जायच्या. संध्याकाळी सांगायची, आज आवाज खरखरत होता. तेवढीच आमची कामाची बोलणी. तिला जाऊन आठ महिने झाले होते. तेव्हापासून मी चाचणीला दुकानाचा नंबर टाकत होतो.

त्या दिवशी हात आपोआप घरच्या नंबरवर गेला. पेटीने फोन लावल्यावर ध्यानात आलं. म्हटलं, वाजू दे. घराला कुलूप आहे. कोण उचलणार?

अर्धी घंटा वाजली. फोन उचलला गेला. पाच दाबलं. हिरवा दिवा लागला.

नंबर तपासला, बरोबर होता. पुन्हा लावला. अर्धी घंटा, हिरवा दिवा.

तिसऱ्यांदा मी टेस्टरचा फोन लाइनला लावून कानाला धरला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. पण ती रिकाम्या लाइनची शांतता नव्हती. खोलीची होती. लांबून टप... टप आवाज येत होता. आमच्या स्वयंपाकघरातला नळ. त्याचा वायसर बदलायचा माझ्याकडून राहिला होता.

"कोण?" मी म्हणालो.

टप... टप...

मग पाच.

बाई कप घेऊन दारात उभ्या होत्या. "लागला वाटतं कुणाला तरी?"

"माझ्या घरी."

"घरी कोण असतं?"

कुणी नसतं, असं म्हणायचं होतं मला.

"बायको," मी म्हणालो.

"मग राहू द्या तोच. घरात सदा माणूस असलेलं बरं."

मी राहू दिला. चाळीस वर्षांत तेवढं एक काम मी खोटं केलं.

घरी आलो. कुलूप जसंच्या तसं. फोन बैठकीत तिपाईवर, त्यावर तिने विणलेला रुमाल. एक खुर्ची भिंतीशी असायची, ती तिपाईला लागून होती. मी ओढली नव्हती. मी ती परत भिंतीशी नेली नाही. जेवायला बसताना मांडणीवरून दोन ताटं काढली, मग एक ठेवून दिलं.

पुढचे तीन आठवडे मी जिथे काम केलं तिथून घरी फोन लावला. दर वेळी अर्धी घंटा. मी बोलायचो. जेवलीस का, आज ऊन फार आहे, यायला उशीर होईल. ती असताना मी एवढं कधी बोललो नव्हतो. उत्तर येत नव्हतं, शेवटी पाच यायचं. मला तेवढं पुरत होतं.

एक गोष्ट मात्र सलायची. बायको फोनपाशी सहा घंट्यांच्या आत कधी पोचली नाही. हे जे होतं, ते फोनपाशीच बसून असायचं. वाट बघत. तो विचार मी वाढू दिला नाही.

मग बाई पडल्या.

त्या दिवशी दहापासून पाचपर्यंत मी एका औषधांच्या दुकानात शिडीवर होतो. तिथून घरी यायला साडेपाच वाजले. कुलूप काढतोय तोच आत फोन वाजायला लागला. त्या वेळी तो कुणी उचलला नाही. मी धावत जाऊन उचलला. बाईंकडे काम करणाऱ्या मावशी रडत होत्या.

"मिस्त्री, बाई न्हाणीघरापाशी पडल्या हो. अकरा वाजल्यापासून तशाच. मी पाचला आले, तेव्हा किल्लीने दार उघडलं. खुब्याचं हाड मोडलंय."

"बटण नाही दाबलं?"

"दाबलं म्हणतात. पेटीवर तुमचा तो हिरवा दिवा होता."

मुलाकडे तेव्हा रात्र. त्याने उचलला नसणार. पेटीने दुसरा नंबर लावला. माझ्या घरी कुणीतरी पाच दाबलं. माणूस निघाला असं समजून पेटी गप्प झाली. सहा तास. पेटीने काम चोख केलं होतं. वाकडं काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. खाली मान घालायची मला सवय नाही. वॉर्डच्या दारापर्यंत शब्द जुळवत गेलो. माझ्या घरी कुणी नसतं. मी खोटं बोललो. एवढंच बोलायचं होतं.

बाई उशीला टेकून होत्या. तोंड सुकलेलं.

"या," त्या म्हणाल्या. "आज वहाणा घालून आलात."

"बाई, मला एक सांगायचंय. माझ्या घरी..."

"घरच्यांना सांगा, निरोप लगेच दिला त्यांनी. दहा मिनिटांत आलात तुम्ही."

मी खाटेची दांडी धरली. "कोण आलं?"

"तुम्हीच की."

"दार तर बंद होतं ना?"

"मला काय माहीत? मला मान वळवता येत नव्हती. तुमचे पाय दिसले, अनवाणी. स्वयंपाकघरातली खुर्ची ओढलीत आणि माझ्यापाशी बसलात." त्यांनी आवाज खाली आणला. "मी म्हटलं, डॉक्टरांना फोन करा. तुम्ही म्हणालात, बसू या."

"आणखी काय म्हणालो?"

"दुसरं काही नाही. मी विव्हळले तरी तेच. बसू या... बसू या... माझा हात धरून. हात गार होता तुमचा." बाईंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वर्गातल्या मुलाकडे बघावं तसं. "मिस्त्री, माणसाने इतकं एकटं पडू नये. दुसऱ्याचं हाड मोडलेलं दिसेनासं होतं."

मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं.

"मावशींची किल्ली दारात वाजली तेव्हा उठलात," त्या म्हणाल्या. "त्या वेळचं मात्र मला कळलं नाही. म्हणालात, निघतो, तो घरी यायची वेळ झाली... तो कोण, मिस्त्री?"

मी त्यांना पाणी दिलं आणि निघालो.

पेटीतला माझा नंबर मी काढला. तिथे मावशींच्या मुलीचा टाकला, ती आता दोन गल्ल्या सोडून राहायला आलीय. तीन वेळा चाचणी घेतली. तिन्ही वेळा तिने हॅलो म्हणून उचलला. बाई आता घरी आहेत, वॉकर घेऊन चालतात. माझ्या घरचा फोन मी परत केला. लाइन खांबापासून तोडली, माझ्या हातांनी. खुर्ची शेजारच्यांना देऊन टाकली. नळ नीट केला.

तेव्हापासून घरी आलो की कुलूप काढायच्या आधी मी खाकरतो. आत कुणी असेल तर त्याला उठून जायला वेळ मिळावा म्हणून.

काल संध्याकाळी कुलपात किल्ली घातली. मी खाकरायच्या आधीच आतून कुणीतरी खाकरलं. दाराशी परका माणूस आला की घरचा धनी खाकरतो, तसं.