चौथी सवारी

सारजाबाईला पिशोरात कुणी फसवल्याचं ऐकिवात नव्हतं. बाजारात ती वांगं हातात धरून असं बघायची, की विकणाऱ्यालाच आपल्या मालाची शंका यावी. अशी बाई लेकीला घेऊन औरंगाबादला निघाली, तेव्हा गाव म्हणालं, आता शहराचं काय खरं नाय.

पोलीस ॲक्शन होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. निजामाचं राज्य गेलं, मोटारी वाढल्या, शहरात मोठा सरकारी दवाखाना झाला. सारजाबाईची लेक चतुरा पोटुशी होती. आधी दोनदा तिचं बाळ रडलंच नव्हतं. दोन्ही वेळी पाळणा धुऊन पुसून ठेवलेला, आणि दोन्ही वेळी तो तसाच माळ्यावर गेलेला. कन्नडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ह्या खेपेला दिवस भरायच्या आधीच शहरात जाऊन राहा, दवाखान्याच्या जवळ. डॉक्टरांना सांगायला काय जातं. राहायचं कुठं, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

मोटार स्टँडासमोरच्या लॉजवाल्यानं आधी चतुराच्या पोटाकडं बघितलं आणि मग भाव सांगितला.

सारजाबाई म्हणाली, "खोली भाड्यानं पायजे बाबा, इकत नाय घ्यायची."

"आजी, पैसे दिले तरी नको. इथं काही कमी-जास्त झालं तर निस्तरायचं कुणी?"

धर्मशाळेत कुणाचं तरी वऱ्हाड उतरलेलं. जावई कडूबा भला माणूस, पण शहरात पाय टाकला की त्याची जीभ टाळूला चिकटायची. 'इचारून येतो' म्हणून जायचा आणि तसाच परत यायचा. ऊन उतरायला लागलं. चतुरा वळकटीवर बसून होती, पाय सुजून टम्म झालेले. तिनं एकदाही कुरकुर केली नाही, आणि सारजाबाईला भीती वाटत होती ती त्याचीच.

तेवढ्यात एक टांगा आपसूक येऊन पुढ्यात थांबला. टांगेवाला चाँदभाई, पिकल्या दाढीचा. घोडा म्हातारा, पण तुकतुकीत.

"बैठो माई. दवाखान्याकडं ना?"

पुढं चाँदभाईशेजारी कडूबा बसला. मागं सारजाबाई आणि लेक. चतुराच्या पलीकडं आणखी एकाची जागा होती. आता शहरातला टांगेवाला चार सवाऱ्या भरल्याशिवाय हलत नाही, हे पिशोरातलं पोरही सांगेल. सिल्लोडचा एक कापूस-व्यापारी धावत आला आणि त्या जागेवर चढून बसला. चाँदभाईनं लगाम हलवला. घोडा हलला नाही. चाबूक नुसता वाजवला. घोड्यानं मान खाली घातली आणि उभाच राहिला.

चाँदभाई मागं वळून हळू आवाजात म्हणाला, "शेटजी, उतरो. सवारी पूरी हो गई."

"अरे, जागा रिकामी दिसतीय की मला."

"पूरी हो गई," तो पुन्हा म्हणाला.

व्यापारी पुटपुटत उतरला, आणि त्याचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच घोडा चालू लागला.

सारजाबाई म्हणाली, "चौथ्याचं भाडं आमच्या गळ्यात नाय मारायचं हां."

"नक्को माई. चौथे का मैं कभी लेताच नहीं."

टांगा किल्ल्यासारख्या जुन्या दरवाज्याखालून गेला. उन्हं कलली होती, टापांचा आवाज दगडी भिंतींवरून परत यायचा, आणि सारजाबाईला वास आला. ओव्याच्या धुरीचा, वेखंडाचा, कोमट तेलाचा. बाळंतिणीच्या खोलीचा वास. तिनं लेकीकडं बघितलं. लेक रिकाम्या जागेकडं कलून, डोळे मिटून, निवांत बसली होती. टेकायला तिथं काही नव्हतं, तरी ती टेकली होती.

सारजाबाईनं मनातला विचार झटकला. पोरीच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं. तिनं शिदोरी सोडली, भाकरीवर ठेचा ठेवला. आणि आपल्याकडं रीत आहे. कुणाच्या देखत तोंडात घास घालायचा तर आधी बोलवायचं. समोरचा जेवत नसतोच, पण बोलवायचं. सारजाबाईनं चाँदभाईला म्हटलं, "या जेवायला." आणि सवयीनं नजर फिरली तशी रिकाम्या जागेकडं बघूनही म्हणाली, "या बाई, जेवायला."

चाँदभाईनं लगाम खेचला.

"माई… किसकू बुलाए?"

"कुणाला म्हंजे? हाय नाय त्याला. आपण काय न बोलवता खातो व्हय?"

त्यानं लगाम पुन्हा सैल सोडला. मग म्हणाला, "अच्छा करे. आजतक किसीने बुलाया नहीं उनकू. पर माई… जो बुलाता, बिदा भी उसीकू करना पड़ता."

कडूबानं घाबरून सासूकडं बघितलं. सारजाबाईनं त्याच्या हातात भाकरी दिली आणि खा म्हणाली.

घोडा बेगमपुऱ्यात शिरला तो कुणी न सांगता. एका बैठ्या घरापुढं थांबला. दार उघडलं ते वच्छलाबाईंनी. नवरा निजामाच्या कचेरीत कारकून होता, तो गेल्यापासून त्या मागची खोली दवाखान्यात येणाऱ्यांना देत. भाडं इतकं माफक सांगितलं, की सारजाबाईला घासाघीस करायला तोंडच राहिलं नाही. चूल, पाणी, अंगणात न्हाणी. शेणानं सारवलेली खोली. भिंतीशी चार घोंगड्या अंथरलेल्या.

"आमी तिघं हाव," सारजाबाई म्हणाली.

वच्छलाबाईंनी दिव्याची वात सारखी केली. "असू द्या. चाँदभाईनं आणलं ना तुम्हाला? मग चौथी लागते."

चतुरा झोपल्यावर त्या उंबऱ्यात बसल्या आणि कुजबुजत्या आवाजात त्यांनी सांगितलं. आवडाबाई म्हणून सुईण होती. खेड्यांतून बाया यायच्या, शहरात कुणी ओळखीचं नाही, कुणी उभं करत नाही. ही रोज स्टँडावर जाऊन बसायची. पोटुशी बाई दिसली की तिला चाँदभाईच्या टांग्यात घालायची, कुठं स्वस्तात जागा मिळेल तिथं न्यायची, मोकळी होईपर्यंत सोबत राहायची. दमडी घ्यायची नाही. डाव्या हाताला करंगळी नव्हती, लहानपणी विळ्यानं गेलेली. पण तो हात पोटावर फिरला की आडवं मूल सरळ व्हायचं.

"पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत रस्ते बंद होते. टांगे बंद होते. हर्सूलच्या बाजूनं एक अडलेली बाई पायी येतेय असं कळलं, तर ही अंगात ताप असताना आणायला गेली. बाई पोचली, मूल झालं. आवडाबाई वाटेत एका झाडाखाली टेकली… ती उठलीच नाही."

"आन् आता?"

"आता काय… टांग्यात पोटुशी बाई बसली की घोडा चौथा माणूस घेत नाही."

सारजाबाईची नजर चौथ्या घोंगडीवर गेली. पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला त्या बाईचा अभिमान जास्त वाटला. मेल्यावरही हातचं काम टाकलं नाही, असं माणूस बघायला मिळत नाही. तिनं उठून चौथी घोंगडी झटकली आणि नीट अंथरली.

पुढं एका दुपारी कडूबा शहागंजात रॉकेल आणायला गेला होता. सारजाबाईला बसल्या जागी डुलकी लागली. जाग आली ती वासानं. ओवा, वेखंड, कोमट तेल, इतका दाट की गुदमरावं. चतुरा उठून दारात उभी होती. पदर नीट घेतलेला, टाळूवर तेल थापलेलं.

"कुठं निघालीस ग?"

"दवाखान्यात. त्या बाईनं उठवलं. म्हणाली, कळा यायची वाट नाय बघायची…"

"मला का नाय उठवलंस?"

"नको म्हणाली. आई दमलीय, तिला निजू दे थोडी…"

दारात टांगा उभा होता. चाँदभाईला कुणी बोलवायला गेलं नव्हतं. त्या दिवशी म्हातारा घोडा शिंगरासारखा पळाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई घामानं भिजून बाहेर आल्या. नाळेचा गळ्याला वेढा होता, म्हणाल्या. थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं. मग आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, चिरका, रागावलेला. सारजाबाई आयुष्यात कुणापुढं रडली नव्हती. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. मुलगी झाली होती.

रात्री लेकीचं अंग पुसताना तिला पाठीवर तेलाचा पंजा उमटलेला दिसला. अंगठा आणि तीन बोटं. सारजाबाईनं तो पुसला नाही.

पिशोरला परत जाताना चाँदभाईनं स्टँडावर सोडलं. गाठोडी उतरवता उतरवता तो म्हणाला, "माई, कुछ भूले तो नहीं?"

सारजाबाईनं वळकटी बघितली, कंदील बघितला, नात छातीशी धरली. "नाय बाबा, समदं घेतलं." आणि आनंदाच्या भरात ती मोटारीत चढली. सवाष्ण पाहुणी असो की विधवा, रित्या हातानं कुणाला पाठवू नये, वेशीपर्यंत पोचवावं, हे जिनं गावाला शिकवलं, ती नेमकी हेच विसरली.

चतुरा बाळंतपणाला माहेरीच राहिली. नातीचं नाव आवडा ठेवलं. पोरगी बाळसं धरत गेली. धुरी दिली नसेल त्या दिवशीही पाळण्याजवळ ओव्याचा वास असायचा. सकाळी अंघोळ घालायला घ्यावी, तर पाठीवर तेलाचा पंजा. अंगठा आणि तीन बोटं. सारजाबाई कुणाला बोलली नाही. घरात राखण आहे म्हणून सुखानं झोपायची.

कडूबा कापूस घेऊन शहरात गेला आणि उतरल्या चेहऱ्यानं परत आला. चाँदभाई भेटला होता. घोडा आता चारही सवाऱ्या घेतो. पोटुशी बाई बसली तरी घेतो. आणि कुठल्या दारात थांबायचं ते त्याला कळत नाही. फुलंब्रीकडची एक पोर जागा शोधत दारोदार हिंडली आणि स्टँडामागंच अडली. पोर वाचली. तिचं बाळ नाय वाचलं.

"म्हणाला, माईकू बोलो… मेहमान अब्बी उनकेच घर में है."

सारजाबाई उन्हं कलेपर्यंत पाळण्याजवळ बसून राहिली. तिला हलवत नव्हतं. दोन पोरं मातीत गेल्यावर ही एक हाताला लागली होती, आणि तिची राखण आपल्या हातानं घालवायची. कुणाला कळणारही नव्हतं. पण त्या फुलंब्रीच्या पोरीला पण आई असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना.

ती उठली. तोंड धुतलं. सुपात खण, नारळ, मूठभर तांदूळ आणि वर भाकरी-ठेच्याची शिदोरी घेतली. पाळण्याशेजारच्या रिकाम्या जागेपुढं ते ठेवलं.

"बाई, माझ्या लेकीचं काम झालं. लई उपकार झाले. तिकडं दुसऱ्यांच्या लेकी वाट बघत्यात. आता निघा." तिनं सूप थोडं पुढं सरकवलं. "एकटीनं किती ओढायचं तुमी. माझं इथलं आटपलं की मी येते सोबतीला. सारजाचा शब्द हाय."

कडूबानं बैलगाडी जुंपली. गाडीत फक्त ते सूप, तोंड शहराकडं. ओढ्याच्या चिखलात रिकाम्या गाडीचं चाक भरल्या गाडीसारखं रुतलं. सारजाबाई मागं मागं चालत वेशीपर्यंत गेली आणि अंधारून येईस्तोवर उभी राहिली.

दुसऱ्या सकाळी नातीची पाठ कोरडी होती. पुढच्या बाजाराला निरोप आला, की घोडा पुन्हा तिघांवर अडतो.

सारजाबाई पुढं बरीच वर्षं जगली. बाजारात वांगी पारखली, मिश्री लावली, सगळ्यांना धाकात ठेवलं. एका दुपारी तव्यावर मिश्री भाजता भाजता ती गेली. नातीला एवढंच आठवतं, की आजीनं जायच्या आधी लुगडं बदललं होतं आणि शिदोरी बांधली होती.

तीच नात, आवडा, पहिल्या बाळंतपणाला शहरात आली. टांगे संपत आले होते, स्टँडावर रिक्षा लागत. ती मागं बसली, नवरा रिक्षावाल्याशेजारी बसला, सोबतीला आलेला दीर चढू लागला, तर रिक्षा चालूच होईना. रिक्षावाल्यानं किक मारून मारून कपाळ पुसलं.

"भाऊ, तुमी मागनं या," तो म्हणाला. "जागा नाय."

"अरे, एवढी जागा पडलीय की."

रिक्षावाल्यानं आरशात मागं बघितलं आणि पटकन नजर काढली. "ह्या स्टँडाचं असंच हाय. आधी एकाचीच जागा सोडावी लागायची… आता दोघींची लागती."

दीर उतरला. रिक्षा लगेच चालू झाली. आत ओव्याचा वास होता, आणि त्यात भाजल्या मिश्रीचा वास मिसळलेला. आवडाचे डोळे भरून आले. तिला आईनं नीट बजावलं होतं, वाटेत खाशील तर बोलवताना सांभाळून बोलव, बोलवलेल्याला पोचवावं लागतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि मांडीवरची शिदोरी सोडायला घेतली.

फडक्याची गाठ आईनं बांधली होती तशीच होती. आतल्या भाकरीचा चतकोर तोडलेला होता, आणि तोडल्या कडेला मिश्रीचं काळं बोट उमटलं होतं.