जोडलेले कॉम्प्युटर : तीन

हे अमरीनच्या बाबतीत खरंच घडलंय. माझ्या पदरचं यात एक अक्षरही नाही.

मे महिना, २००३. महाड. भर दुपारचे तीन.

अमरीन एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघायची. गाड्यांच्या सगळ्या नोंदींचा डेटाबेस तिथेच होता. तो सांभाळायचा प्रोग्राम मात्र जुना. काळा स्क्रीन, किचकट कोड. मालक लतीफशेठ म्हणाले होते, "सगळं नवीन कर. बघताक्षणी कळलं पाहिजे."

तिने नवा स्क्रीन बनवला. मोठी बटणं. आणि डावीकडे एक यादी... आत्ता कोणकोण जोडलेलं आहे त्याची.

जुन्या स्क्रीनवर हे कधीच दिसत नसे.

दोनच नावं यायला हवी होती. महाडचं तिचं, आणि पोलादपूर शाखेतल्या ललिताताईंचं.

आली तीन.

'पोलादपूर-२'.

तिने फोन लावला.

"ताई, दुसऱ्या मशीनवर कोण बसलंय?"

"कोन नाय गो. ते बंद हाय. वायर पन काढलीय."

अमरीनच्या समोर पोलादपूर-२ वरून नोंदी पडत होत्या. एकेक... सावकाश.

"कोणाचं होतं ते मशीन?"



"सयाजीचं. गेल्या साली कशेडी घाटात अपघातात गेला तो." ललिताताईंचा आवाज खाली आला. "माझं राहिलेलं काम सकाळी झालेलं असतं. त्याचा कुनाला त्रास नाय. तू काय करू नको गो."

चार वाजता लतीफशेठ स्क्रीन बघायला येणार होते. त्यांना काय सांगायचं?

यादीखाली तिनेच ठेवलेलं बटण होतं. 'जोडणी तोडा'.

तिने ते दाबलं.

दोन नावं उरली.

फोनमध्ये खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दार करकरलं...

"ताई, तुम्ही उठलात का?"

"मी बसलेय गो," ललिताताई रडवेल्या झाल्या. "कोनतरी बाहेर गेलं."

अमरीनने घाईघाईने ती यादीच काढून टाकली. लतीफशेठना स्क्रीन आवडला.

आठवड्याने ललिताताईंचा फोन आला.

"इकडं काम तसंच पडून राहतं आता." मग त्यांनी हळूच विचारलं, "तो तुझ्याकडं आलाय का गो?"

अमरीनने मागे वळून पाहिलं. सगळे जेवायला गेले होते.

यादी परत लावली असती तर कळलं असतं. तिचं ते धाडस झालं नाही. महिन्याभरात तिने नोकरी सोडली.

"तोडायला नको होतं," एवढंच ती अजून म्हणते.