मोठीबद्दल चार शब्द

मोबाईल खाली ठेवा आधी. आणि तू, दात काढू नकोस. एकदाच सांगणार आहे.

हे आमच्या वर्कशॉपमधल्या टर्नरचं. सव्वीस वर्षं आमच्या लेथ मशिनी शेजारी शेजारी. माणूस सरळ, पण त्याच्या तोंडून शब्द काढायचा तर पाना लावून फिरवायला लागायचा.

त्याची आई गेली, चौऱ्याऐंशी वर्षांची. पोरं, सुना, नातवंडं-पतवंडं, सगळी तिला मोठीच म्हणायची. ऐन तारुण्यात नवरा गेला, मग हॉस्पिटलच्या लाँड्रीत तीस वर्षं चादरींना इस्त्री केली. स्वतःची तीन आणि गेलेल्या जावेची दोन, अशी पाच पोरं वाढवली. त्यातलं कुठलं कुणाचं हे बाहेरच्याला कधी कळू दिलं नाही.

टर्नर सगळ्यांत थोरला. बहीण म्हणाली, "दादा, सोमवारी सगळे जमतायत. मोठीच्या घरून एखादा बरा फोटो आण. आणि चार शब्द तूच बोल." हा मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई गेली, तरी मला भूक लागते, झोप लागते. रडूच येत नाही रे. माझं काही बिघडलंय का?"

तर नऊ नोव्हेंबर, रविवारची रात्र. ओव्हरटाइम संपवून हा तिच्या घरी पोचला तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आठ दिवस बंद. फोटो लगेच सापडला. मग तिच्या पलंगावर बसून त्यानं लिहून आणलेला कागद काढला. किती वेळ लागतो बघू म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड करत वाचला. दहा-बारा वाक्यं. बंद केलं आणि ऐकायला लावलं.

"मोठीनं फार कष्ट केले..."

"हं."

त्याला वाटलं, आपलाच घसा.

"पाच मुलांना वाढवलं..."

"हं."

बाईचा आवाज. म्हातारा. अगदी जवळून.

अरे, मोठीची सवयच ती! डोळे मिटून पडायची. शाळेतलं, कामावरचं, काहीही सांगा, दर वाक्याला हं. थाप मारली की मात्र हं बंद. मग पोरं आपोआप खरं ओकायची.

हा पळाला नाही. घाबरलाही नाही म्हणे. बधिर झाला होता नुसता. ऐकत बसला. हं... हं... आणि शेवटचं वाक्य आलं.

"शेवटच्या रात्री आम्ही सगळी मुलं तिच्या उशाशी होतो."

...

काही नाही.

पुन्हा लावलं. तिथंच गप्प.

खोटंच होतं ते. त्या रात्री हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. मी म्हटलं, पळ. तो म्हणाला, "एवढा शाफ्ट उतरवतो आणि निघतो." चाळीस मिनिटं. तेवढ्यात ती गेली. घरचं कुणी त्याला काही बोललं नाही, आणि तोही कुणाशी बोलला नाही. मला अजून राग येतो. त्याचा नाही, माझा. मीच बटण दाबून ती मशीन बंद करायला हवी होती.

त्यानं परत रेकॉर्डिंग चालू केलं. "मोठे, मी नव्हतो. काम संपवत बसलो होतो."

बंद केलं. ऐकलं नाही. हिंमतच झाली नाही. कुलूप लावून घरी गेला आणि ढाराढूर झोपला.

सोमवारी सगळ्यांसमोर तेच बोलला, मी नव्हतो म्हणून. दुपारी कामावर आला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "तूच ऐक."

मी मशीन बंद केली. कानाला लावलं. बोलणं पाच सेकंदांचं. रेकॉर्डिंग... अकरा मिनिटांचं.

आधी त्याचं वाक्य. मग शांत.

मग कुणीतरी रडतंय. हुंदके देऊन. श्वास अडकेपर्यंत. आवाज त्याचाच, सव्वीस वर्षांत मी चुकणार नाही. आणि मधूनमधून... पाठीवर थोपटल्याचा आवाज. सावकाश.

मी म्हटलं, "रडलास की रे शेवटी."

"नाही," तो म्हणाला. "अजून नाही रडलो."