माशांच्या खोलीतले रविवार

एकोणीस वर्षं झाली त्या गोष्टीला. कुरिअरवाल्याने घड्याळजीचं पाकीट चुकून समोरच्या फोटो स्टुडिओत टाकलं, आणि तिथे काकांच्या हाताखाली काम करणाऱ्या पुतणीने ते नाव न बघताच फोडलं. आत ओलसर, काळपट भुसा. चहाची पूड असावी म्हणून तिने वास घेऊन पाहिला.

"चहा नका करू त्याचा... अंडी आहेत ती."

दारात घड्याळजी उभा. डोळ्याचं भिंग कपाळावर तसंच राहिलेलं.

"कोणाची अंडी?"

"किलीफिशची. माशांची. पाण्यात टाकली की पिल्लं होतात. खोटं वाटत असेल तर – रविवारी बघायला या. आई असते घरी," त्याने घाईघाईने जोडलं आणि कानापर्यंत लाल झाला.

ती गेली. कॅमेराही नेला. नुसतंच कसं जायचं?

घराची मागची खोली भिंतभर टाक्यांनी भरलेली. हवेच्या पंपांची गुणगुण, बुडबुडे, दमट ऊब. किलीफिश जेमतेम बोटाएवढा, पण निळ्या अंगावर लाल ठिपके असे, की कुणी फुरसतीने बसून रंगवावेत. फोटोसाठी मात्र तो पर पसरेना. मग घड्याळजीने काचेला छोटा आरसा टेकवला. समोर दुसरा नर बघून स्वारी लगेच फुलली.

"स्वतःलाच बघून एवढा थाट?"

"तुम्ही बघताय म्हणूनही असेल," तो टाकीकडे बघत म्हणाला.

खालच्या टाकीत मिशीवाले कोरीडोरस वाळू हुंगत फिरत होते. एकाने वर पाहिलं, बुबुळ खाली फिरवलं...

"याने मला डोळा मारला."

"सगळ्यांनाच मारतो. मनावर घेऊ नका."

"मालकावर गेलेला दिसत नाही."

त्याच्या हातातला दिवा हलला. तो फोटो वाया गेला.

मग दर रविवार तसाच गेला. तो दिवा धरायचा, ती काचेला नाक लावून बसायची. त्याची आई चहा आणून द्यायची आणि रेंगाळायची. एकदा म्हणाली, "माशांचे झाले असतील तर माझ्या लेकाचाही एक काढ गं. स्थळांना पाठवायचाय."

तिने काढला. फार छान आला. "हलला हो काकू," असं सांगून तिने तो स्वतःच्या पाकिटात ठेवला.

सहा महिन्यांनी तिला दुसऱ्या गावी वर्तमानपत्रात नोकरी लागली. तीन रविवार तिने ते मनातच ठेवलं. शेवटच्या रविवारी दुपारी वीज गेली. पंप थांबले, खोली एकदम गप्प झाली. पिल्लांच्या टाक्यांत गर्दी फार, हवा लगेच कमी पडणार. दोघांनी पाण्याचे मग उचलले. पाणी घ्यायचं, उंचावरून धार सोडायची, पुन्हा घ्यायचं. तासाभरात तिचे खांदे भरून आले.

"मी उद्या जातेय," ती धारेकडे बघत म्हणाली. "नोकरी आहे. कायमची."

त्याचा मग थांबला नाही.

"कधी सांगणार होता?"

"तुम्ही कधी विचारणार होता?"

तो पुढच्या टाकीकडे वळला.

"घड्याळं काय..." तो म्हणाला, "सगळ्याच गावांत बंद पडतात."

"आणि हे सगळे मासे?"

"हलवता येतील. वेळ लागेल... तू थांबशील तोवर?"

'तू' निसटलं होतं. दोघांनाही ऐकू आलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

"लवकर ये," ती म्हणाली. त्याच्या मगातलं सगळं पाणी पायावर सांडलं.

वीज संध्याकाळी आली. एकही पिल्लू गेलं नव्हतं.

ती दुसऱ्या दिवशी गेली. पत्रं आली-गेली, फोन झाले, दोनदा भांडणही झालं. अकराव्या महिन्यात तिच्या दारात टेम्पो उभा राहिला. मागे चादरींत गुंडाळलेल्या टाक्या आणि त्या सांभाळत बसलेला तो. पुढे ड्रायव्हरशेजारी त्याची आई, मांडीवर झाकणाची बादली घट्ट धरून.

"आलात काकू," ती पुढे धावली.

"काकू नको, आता आई म्हण. आणि ही बादली धर आधी, दोन्ही हात बधिर झालेत माझे."